मित्रांच्या भागीदारीतील लहान वायनरी : वेलीपासून बाटलीपर्यंत

द्राक्ष हे महाराष्ट्रातील बागायतदाराच्या चांगल्या परिचयाचे पीक आहे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, भुरी व केवड्याची भीती, आणि माल तयार होत असतानाच आभाळ भरून आले म्हणजे जीवाला लागणारा घोर, या सर्व गोष्टी त्याने पिढ्यान्‌पिढ्या नव्हे तरी वर्षानुवर्षे अनुभवल्या आहेत. परंतु त्याच द्राक्षाचा रस आंबवून त्याची वाइन करणे हे काम मात्र त्याला नवे आहे. अलीकडे गावोगावी शिकून परतलेले तरुण एकत्र येतात व आपल्या हातांनी थोडी परंतु उत्तम वाइन करणारी एखादी लहान वायनरी काढावी असा बेत करतात. असा बेत करणाऱ्यांस कोणत्या गोष्टी ठाऊक असावयास हव्यात, आणि त्यांना द्राक्षे पुरविणाऱ्या शेतकऱ्याने कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या पाठात दिली आहे. गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा पाठ शेतकऱ्यांच्या बैठकीत वाचून दाखवावा व शेवटी दिलेल्या प्रश्नांवर चर्चा घडवून आणावी.

हा धंदा आपल्याकडे कसा आला

पुणे जिल्ह्यातील नारायणगाव परिसरात १९८० च्या दशकात फेसाळ वाइन तयार होऊ लागली. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस नाशिकजवळ राजीव सामंत यांनी परदेशी जातींच्या वेली लावून ‘सुला’ ही वायनरी उभी केली व २००० साली तिची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन उद्याने आखण्यात आली आणि करांत सवलती देण्यात आल्या. त्यानंतरच्या काही वर्षांत वायनऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांपैकी अनेक वायनऱ्या द्राक्ष बागायतदारांनी स्वतः, अथवा नात्यागोत्यातील व ओळखीच्या मंडळींनी भागीदारीत काढलेल्या होत्या.

यानंतर जे घडले ते प्रत्येक नव्या भागीदाराने नीट समजून घेतले पाहिजे. २००८ साली जगभर मंदी आली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला आणि मोठ्या हॉटेलांतील गिऱ्हाईक एकाएकी कमी झाले. वाइन खपेना, टाक्या रिकाम्या होईनात, आणि पुढच्या हंगामाची द्राक्षे तर वेलीवर पिकत होती. अनेक वायनऱ्यांनी ठरलेला माल उचलला नाही, किंवा उचलून त्याचे पैसे वेळेवर दिले नाहीत. कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली मुळासकट काढून पुन्हा खाण्याच्या द्राक्षांची लागवड केली. वाइन बिघडली म्हणून हे नुकसान झाले नव्हते. विक्रीचा अंदाज चुकला, भांडवल गुंतून पडले, आणि करार कच्चे होते, म्हणून ते झाले. या पाठातील बराच भाग याच तीन गोष्टींसंबंधी आहे, याचे कारण हेच होय.

वाइनचे द्राक्ष निराळे असते

खाण्याच्या थॉमसन सीडलेससारख्या जातीत मणी मोठा, साल पातळ व बी नसलेली असावी लागते. वाइनच्या जातीत याच्या उलट गुण हवे असतात. मणी लहान, साल जाड, रस भरपूर व बी असलेली अशी ही द्राक्षे असतात. तांबड्या वाइनचा रंग व तुरटपणा हा साल व बियांतूनच येतो. आपल्याकडे पांढऱ्या वाइनसाठी सॉव्हिन्याँ ब्लाँ व शेनिन ब्लाँ, तर तांबड्या वाइनसाठी शिराझ, कॅबरने सॉव्हिन्याँ व झिनफँडेल या जाती प्रामुख्याने लावल्या जातात.

यातील धोका असा, की वाइनची द्राक्षे खाण्याच्या बाजारात विकली जात नाहीत. कांद्याचा भाव पडला तर तो काही दिवस चाळीत ठेवता येतो. थॉमसनचा भाव पडला तर त्याचे बेदाणे करता येतात. परंतु शिराझचा माल वायनरीने नाकारला, तर त्यास दुसरा मार्ग जवळजवळ राहत नाही. यास्तव वायनरी व शेतकरी यांच्यामध्ये लेखी करार झाल्याविना या जातींची लागवड करणे धोक्याचे आहे. वायनरी काढणारे मित्र स्वतः बागायतदार असले तरीही हा नियम लागू पडतो, कारण मित्राच्या बागेचा माल आणि मित्रांच्या धंद्याचा माल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चार मित्रांचे उदाहरण

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका गावातील चार मित्र वायनरी काढावयाचे ठरवितात. एकाची पाच एकरांची बाग आहे. दुसऱ्याने वाइन तंत्रज्ञानाचे शिक्षण घेतले आहे. तिसरा शहरात नोकरी करतो व पैसा घालू शकतो. चौथ्याच्या ओळखी हॉटेलांत व दुकानांत आहेत. चौघांचेही एकमेकांवर प्रेम आहे आणि म्हणूनच कागद करण्याचा विषय कोणी काढीत नाही.

येथेच पहिली चूक होते. भारतीय भागीदारी अधिनियम १९३२ साली झाला असून कागदावर वेगळे ठरले नसेल तेथे तो आपले नियम लावतो. करार नसेल तर नफा व तोटा सर्व भागीदारांत सारखा वाटला जातो, मग कोणी कितीही पैसा घातलेला असो. धंद्याचे काम केले म्हणून कोणाही भागीदारास वेतन मिळत नाही. म्हणजे जो मित्र हंगामात रात्रंदिवस टाक्यांपाशी जागतो, त्याला आणि जो शहरात राहतो त्याला वाटा सारखाच. शिवाय धंद्याच्या देण्याची जबाबदारी प्रत्येक भागीदारावर एकट्याने व सर्वांवर मिळून अशी दोन्ही प्रकारे असते. वायनरी बुडाली तर बँक ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्याकडे प्रथम वळते. एखादा भागीदार मरण पावला आणि करारात तरतूद नसली तर भागीदारी तेथेच संपते. भागीदारीची नोंदणी केलेली नसली, तर कराराच्या आधारे थकलेली रक्कम वसूल करण्यासाठी भागीदारी संस्थेस न्यायालयात दावाही लावता येत नाही.

म्हणून पहिली टाकी विकत घेण्यापूर्वी पुढील गोष्टी कागदावर उतरवाव्यात. कोणी किती भांडवल घातले. काम करणाऱ्यास दरमहा किती वेतन. बागवाल्या मित्राची द्राक्षे कोणत्या दराने घ्यावयाची व ती नाकारण्याचा अधिकार कोणास. एखाद्यास बाहेर पडावयाचे झाल्यास त्याचा हिस्सा कसा मोजावयाचा. आणि मतभेद झाल्यास अखेरचा शब्द कोणाचा. २००८ च्या कायद्यानुसार मर्यादित दायित्वाची भागीदारीही स्थापन करता येते. तिच्यात भागीदाराची घरची जमीन सामान्यतः धंद्याच्या देण्यापासून सुरक्षित राहते. तथापि बँकेस त्याने व्यक्तिशः जामीन दिला असेल तर ही सुरक्षितता उरत नाही, हे ध्यानात ठेवावे. कागद केल्याने मैत्रीत वितुष्ट येते ही समजूत चुकीची आहे. वितुष्ट बहुधा येते ते कागद नसल्यामुळे.

परवान्यावाचून काम करू नये

मद्यासंबंधीचा १९४९ चा मूळ मुंबई दारूबंदी कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने लागू आहे. त्याअन्वये परवान्याशिवाय वाइन तयार करणे हा गुन्हा आहे. घरी थोडीशी करून पाहू व जमल्यास परवाना काढू, असा विचार अनेक जण करतात. तो कायद्यात बसत नाही. ज्यांना हात बसवावयाचा असेल त्यांनी परवानाधारक वायनरीत एक संपूर्ण हंगाम काम करावे. द्राक्षाच्या जाती, रोग व प्रक्रिया यांविषयी पुण्याजवळील मांजरी येथे १९९७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून सल्ला घ्यावा. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याबरोबरच अन्नसुरक्षेचा परवाना व प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. मद्ययुक्त पेयांसाठीची अन्नसुरक्षा मानके २०१८ साली ठरविण्यात आली व ती २०१९ पासून अंमलात आहेत. बाटलीवरील चिठ्ठीत मद्यार्काचे प्रमाण व आरोग्यविषयक इशारा देणे त्यानुसार बंधनकारक आहे. वाइनचा गाळीव अर्क काढण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. त्यास वेगळा परवाना लागतो व अजाणतेपणी केलेले असे काम जीवघेणे ठरू शकते.

तोडणी

चांगली वाइन बागेत तयार होते, असे जाणकार म्हणतात ते खरे आहे. वायनरीत आलेल्या द्राक्षाचा गुण टिकविता येतो; वाढविता फारसा येत नाही. वाइनच्या द्राक्षांची तोडणी आपल्याकडे साधारणपणे जानेवारी ते मार्च या काळात होते. माल केव्हा तोडावयाचा हे रंगावरून ठरवू नये. बागेच्या निरनिराळ्या ओळींतून, सावलीतील व उन्हातील अशा दोन्ही बाजूंचे मणी घ्यावेत, त्यांचा एकत्र रस काढावा व तीन मोजण्या कराव्यात.

पहिली मोजणी साखरेची. ब्रिक्समीटरवर २२ ते २४ अंश आले म्हणजे साखर पुरेशी झाली. ब्रिक्सच्या आकड्यास ०.५५ ने गुणले असता वाइनमध्ये शेकडा किती मद्यार्क येईल याचा अंदाज मिळतो. २२ अंशांच्या रसापासून सुमारे १२ टक्के मद्यार्क तयार होतो. दुसरी मोजणी आम्लतेची. लिटरमागे ६ ते ७ ग्रॅम आम्लता चांगली. तिसरी मोजणी सामूची. पांढऱ्या वाइनसाठी ३.२ ते ३.४ व तांबड्या वाइनसाठी ३.४ ते ३.६ इतका सामू असावा. आपल्याकडील उन्हात साखर लवकर चढते व आम्लता लवकर उतरते. म्हणून केवळ ब्रिक्स पाहून थांबणाऱ्यास पुष्कळदा फिकी व न टिकणारी वाइन मिळते.

तोडणी पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी संपवावी. घड उथळ क्रेटमध्ये एकाच थरात ठेवावेत, म्हणजे खालचे मणी फुटत नाहीत. कुजके, फुटलेले व भुरीचे घड बागेतच वेगळे करावेत. गंधकाची भुकटी तोडणीच्या किमान महिनाभर आधी बंद करावी. ती सालीवर राहिल्यास किण्वनात कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. इतर औषधांच्या बाबतीत शेवटची फवारणी व तोडणी यांमधील ठरलेले अंतर काटेकोर पाळावे व प्रत्येक फवारणीची तारीख वहीत लिहून ती वही वायनरीस दाखवावी.

किण्वन म्हणजे काय

किण्वाच्या पेशी साखर खातात व तिच्यापासून मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार करतात. हे काम सजीव पेशींचे आहे ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी सिद्ध केली. वाइनच्या रोगांवरील त्यांचा ग्रंथ १८६६ साली प्रसिद्ध झाला. आपल्या घरी दही लावताना जे तत्त्व लागू पडते तेच येथे लागू पडते. विरजण चांगले, भांडे स्वच्छ आणि ऊब योग्य असेल तर दही चांगले लागते. नको असलेले जंतू शिरले तर ते नासते.

द्राक्षे वायनरीत येताच त्यांचे देठ वेगळे करून मणी हलके फोडावेत. दर १०० किलो द्राक्षांस ८ ते १० ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट थोड्या पाण्यात विरघळवून मिसळावे. त्यामुळे रानटी जंतू आटोक्यात राहतात. त्यानंतर निवडक किण्व घालावे. दर १०० लिटर रसास २० ते २५ ग्रॅम कोरडे किण्व पुरते. ते त्याच्या दहापट वजनाच्या, हातास कोमट लागणाऱ्या म्हणजे ३७ ते ४० अंश सेल्सिअसच्या पाण्यात पंधरा ते वीस मिनिटे भिजवावे, मग थोडा थोडा रस घालून ते रसाच्या तापमानाजवळ आणावे व नंतरच टाकीत ओतावे. उबदार पाण्यातील किण्व एकदम थंड रसात ओतले तर पुष्कळशा पेशी मरतात आणि किण्वन अर्ध्यावर थांबते.

पांढरी व तांबडी वाइन

पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे प्रथम दाबून रस वेगळा करतात. तो थंड ठेवून एक रात्र निवळू देतात व वरचा स्वच्छ रसच किण्वनास घेतात. तापमान १२ ते १८ अंशांच्या दरम्यान ठेवल्यास फळाचा सुवास टिकतो. हे किण्वन दोन ते तीन आठवडे चालते.

तांबड्या वाइनसाठी रस, साल व बी एकत्रच आंबवितात. तापमान २२ ते २८ अंश ठेवावे. वायूमुळे साली वर येऊन त्यांचा जाड थर बनतो. हा थर दिवसातून दोन-तीन वेळा रसात दाबून बुडवावा लागतो. तसे न केल्यास रंग उतरत नाही व कोरड्या पडलेल्या थरावर शिरक्याचे जंतू वाढतात. सात ते दहा दिवसांनी रस काढून घेऊन साली दाबतात.

किण्वन चालू असताना उष्णता निर्माण होते. ती बाहेर गेली नाही तर रसाचा ब्रिक्स एक अंशाने उतरताना तापमान सव्वा अंशाच्या आसपास वाढते. म्हणून रात्री गारठा असला तरी टाकीच्या आत रस तापलेला असू शकतो. तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले तर किण्व थकते, साखर शिल्लक राहते व त्या साखरेवर नको असलेले जंतू पोसतात. टाकी थंड करण्याची सोय हा चैनीचा खर्च मानू नये.

सकाळ-संध्याकाळ प्रत्येक टाकीचे तापमान व घनता वहीत लिहावी. किण्वन सुरू झाल्यावर ब्रिक्समीटरवर विसंबू नये, कारण मद्यार्कामुळे तो चुकीचा आकडा दाखवितो. त्यावेळी हायड्रोमीटर वापरावा. तो ०.९९६ च्या खाली येऊन लागोपाठ काही दिवस स्थिर राहिला म्हणजे साखर बहुतेक संपली असे समजावे व प्रयोगशाळेतून खात्री करून घ्यावी.

‘हातची’ वाइन म्हणजे अंदाजाची वाइन नव्हे

लहान वायनरी आपल्या मालास हस्तनिर्मित म्हणते तेव्हा त्याचा अर्थ इतकाच, की घड हातांनी निवडले, माल थोडा थोडा केला आणि प्रत्येक टाकीकडे माणसाने जातीने लक्ष दिले. मोजमाप केले नाही असा त्याचा अर्थ नाही. उलट मोठ्या कारखान्यात एक टाकी बिघडली तर उरलेल्या पुष्कळ असतात. लहान वायनरीत एक टाकी म्हणजे वर्षाचा निम्मा माल असतो.

सर्वांत नेहमीचा बिघाड म्हणजे वाइनचा शिरका होणे. हे जंतू हवेवाचून वाढत नाहीत. म्हणून किण्वन संपताच टाकी काठोकाठ भरलेली ठेवावी. अर्धी भरलेली टाकी म्हणजे नुकसानीस आमंत्रण होय. तळाशी बसलेला गाळ फार दिवस तसाच राहू न देता निवळ वाइन दुसऱ्या टाकीत घ्यावी. नळ्या, पंप व टाक्या प्रत्येक वापरानंतर धुवाव्यात. मात्र धुण्यासाठी क्लोरीन किंवा ब्लीचिंग पावडर वापरू नये. त्यांच्यामुळे बुचाला व वाइनला कुबट वास लागण्याचा धोका असतो. गरम पाणी आणि सायट्रिक आम्लाचे द्रावण यांनी काम भागते. ओकच्या लाकडाची पिंपे दिसावयास शोभिवंत असली तरी ती महाग असतात, त्यांतून वाइन हळूहळू उडून जाते व ती वरचेवर भरावी लागतात. पहिल्या दोन-तीन हंगामांत स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांवरच भागविणे शहाणपणाचे ठरते.

प्राणघातक वायूपासून सावधगिरी

एक लिटर रस आंबताना पन्नास लिटरांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. सोळाशे लिटरांच्या एका टाकीतून सुमारे ८०,००० लिटर वायू निघतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत, तळघरात व रिकाम्या केलेल्या टाकीच्या तळाशी साचून राहतो. त्यास रंग नाही व वासही नाही. जुन्या विहिरीत वा पेवात उतरलेला माणूस गुदमरतो व त्यास काढावयास उतरलेला दुसराही बळी पडतो, अशा घटना गावकऱ्यांनी ऐकलेल्या असतात. वायनरीतही नेमके तसेच घडू शकते.

म्हणून इमारतीस जमिनीच्या पातळीवर झरोके ठेवावेत व हंगामात पंखे सतत चालू ठेवावेत. वायू मोजण्याचे यंत्र बसवावे. मेणबत्ती जळते की नाही हे पाहण्याच्या जुन्या पद्धतीवर विसंबू नये, कारण ज्योत विझण्यापूर्वीच वायूचे प्रमाण माणसास घातक होऊ शकते. टाकीत साली काढावयास कोणीही एकट्याने उतरू नये. हवा खेळवून, यंत्राने तपासून, कमरेस दोर बांधून व बाहेर दुसरा माणूस उभा ठेवूनच उतरावे. आत कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्यामागून उडी घेऊ नये. दोराने ओढून बाहेर काढावे व मदत बोलवावी. मजुरांस ही गोष्ट हंगामापूर्वी समजावून सांगणे हे भागीदारांचे कर्तव्य आहे.

टाक्यांचा व पैशाचा हिशेब

आता वरील चार मित्रांच्या उदाहरणाकडे पुन्हा वळू. समजा, त्यांनी पहिल्या वर्षी पाच टन द्राक्षे घेतली. निम्मी पांढऱ्या वाइनसाठी व निम्मी तांबड्या वाइनसाठी. एका टनापासून सरासरी ६५० लिटर वाइन मिळते असे धरल्यास एकूण ३,२५० लिटर वाइन होईल. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या सुमारे ४,३०० बाटल्या. तेव्हा साडेतीन हजार लिटरांच्या टाक्या पुरतील असे त्यांना वाटते. हा हिशेब चुकीचा आहे.

पांढरी वाइन वर्षाच्या आत विकता येते. तांबडी मात्र मुरावयास बारा ते अठरा महिने लागतात. म्हणजे दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत नवी द्राक्षे दाराशी येतात, तेव्हा गेल्या वर्षीची सोळाशे लिटर तांबडी वाइन टाक्यांतच असते. नव्या पांढऱ्या रसास फेसासाठी जागा सोडून २,००० लिटर, आणि साल-बियांसह आंबणाऱ्या तांबड्या लगद्यास वरची मोकळी जागा धरून सुमारे ३,००० लिटर जागा लागते. अशा प्रकारे एकूण गरज ६,६०० लिटरांची, म्हणजे वर्षाच्या उत्पादनाच्या दुपटीची होते. पैशाचेही तसेच आहे. पहिल्या हंगामाची तांबडी वाइन विकून पैसा हाती येण्यापूर्वी दुसऱ्या हंगामाच्या द्राक्षांचे पैसे द्यावे लागतात. ही तरतूद नसली म्हणजे प्रथम शेतकऱ्याचे पैसे थकतात आणि २००८ नंतरची कहाणी पुन्हा घडते.

बाटलीमागील खर्चही असाच तपासावा. समजा, वेतन, वीज, परवाने व व्याज मिळून वर्षाचा बांधील खर्च ८,६०,००० रुपये आहे. सर्व ४,३०० बाटल्या विकल्या गेल्या तर प्रत्येकीवर २०० रुपयांचा बोजा पडतो. निम्म्याच विकल्या गेल्या तर तोच बोजा ४०० रुपये होतो. द्राक्षे, बाटली, बूच, कर व दुकानदाराची कसर यांचा खर्च याहून वेगळा. म्हणून किती वाइन करता येईल हे न विचारता, किती विकता येईल हे आधी विचारावे व तेवढीच द्राक्षे घ्यावीत. लहान वायनरीस दूरच्या शहरातील दुकानांत मोठ्या कंपन्यांशी झगडणे जड जाते. वायनरी पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांना परवान्याच्या मर्यादेत जागेवरच विक्री केल्यास मधली कसर वाचते. नाशिक परिसरातील वायनऱ्यांना या मार्गाचा चांगला उपयोग झाला आहे.

शेतकऱ्याशी करार

करारात पुढील बाबी स्पष्ट असाव्यात : जात व क्षेत्र, ब्रिक्सनुसार दर, वजन व ब्रिक्स कोणासमक्ष मोजावयाचे, माल नाकारण्याची कारणे, आणि पैसे देण्याची तारीख. करार एका हंगामाचा नसावा, कारण वेल एका हंगामाचा नसतो. अवकाळी पावसाने घड फुटले तर नुकसान कोणी किती सोसावयाचे हेही आधीच ठरवावे. द्राक्षे पोहोचल्याच्या दिवशीच काही रक्कम द्यावी. शेतकऱ्याने आपली सर्व जमीन वाइनच्या जातीखाली आणू नये; काही भाग खाण्याच्या द्राक्षांस वा अन्य पिकास ठेवावा.

सांडपाणी, चोथा व गाव

टाक्या धुण्यास पाणी बरेच लागते. या सांडपाण्यात साखर व आम्ल असल्यामुळे ते ओढ्यात सोडल्यास पाण्यातील प्राणवायू संपतो व मासे मरतात. विहिरीजवळ मुरल्यास पिण्याचे पाणी बिघडते. त्यावर प्रक्रिया केल्याशिवाय ते बाहेर सोडू नये. साली, बिया व देठ यांचे शेणाबरोबर उत्तम कंपोस्ट होते. ते बागेस परत द्यावे.

एक गोष्ट शेवटी सांगणे अवश्य आहे. वाइन द्राक्षाची असली तरी ती मद्यच आहे, औषध अथवा सरबत नव्हे. वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. इतरत्रही अनेक गावांतील स्त्रियांनी व्यसनाविरुद्ध मोठा लढा दिला आहे. वायनरी काढणाऱ्यांनी हा प्रश्न टाळू नये. ग्रामसभेपुढे आपला बेत उघडपणे मांडावा, गावकऱ्यांच्या शंका ऐकून घ्याव्यात, मजुरीचा कोणताही भाग वाइनच्या रूपाने देऊ नये आणि अल्पवयीनांना विक्री होणार नाही याची कडक दक्षता घ्यावी. ज्या गावाचा विरोध आहे तेथे हा धंदा सुखाने चालत नाही.

सारांश

वेलीस पहिला चांगला माल येण्यास दोन-तीन वर्षे लागतात. तांबडी वाइन मुरण्यास आणखी वर्ष-दीड वर्ष जाते. एवढा काळ धीर धरणे, एकमेकांस हिशेब देणे व शेतकऱ्याचे पैसे ठरल्या दिवशी चुकते करणे, हे ज्या मित्रांस जमेल त्यांनीच या धंद्यात पडावे. त्यांनी आरंभ लहान करावा, वह्या नीट ठेवाव्यात, आणि पहिली टाकी रिकामी झाल्याखेरीज दुसरीचा विचार करू नये. द्राक्ष पिकविणाऱ्याच्या पदरात त्याच्या श्रमाचे मोल वेळेवर पडले, तरच अशी वायनरी गावाच्या उपयोगी पडली असे म्हणता येईल.

चर्चेसाठी प्रश्न

१. वाइनची द्राक्षे वायनरीने नाकारल्यास शेतकऱ्याची अडचण खाण्याच्या द्राक्षांपेक्षा अधिक का होते?

२. लेखी करार नसल्यास भागीदारांपैकी कोणाचे नुकसान होण्याचा संभव अधिक आहे? का?

३. किण्वन चालू झाल्यावर ब्रिक्समीटरऐवजी हायड्रोमीटर का वापरावा?

४. टाकीत बेशुद्ध पडलेल्या मजुरास बाहेर कसे काढावे? कोणती गोष्ट कदापि करू नये?

५. आठ टन द्राक्षे, सर्व तांबड्या वाइनसाठी, घ्यावयाची झाल्यास दुसऱ्या हंगामाच्या आरंभी टाक्यांची गरज किती होईल, ते वरील हिशेबावरून काढा.